कम्युनिटी कॉलेजच्या बोर्डावर निवडून गेल्यावर नक्की काय करता येते?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका वाचक भगिनीने विचारले आहे: "काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. अकाउंटिंगमध्ये नोकरी करते. माझी मुलगी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसी) डेव्हिस कॅम्पसला गेली. त्या कॉलेजने तिला उभे केले, म्हणून आता त्याच्या बोर्डाची निवडणूक लढवावी असे मनात आहे. वेळ किती द्यावा लागतो, पैसा किती लागतो, पक्षाचा पाठिंबा लागतो का? निवडून आल्यावर प्रत्यक्षात करता काय येते? आपल्याकडच्या शिक्षणसंस्थेच्या संचालकांसारखेच हे काम का?"

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याचे उत्तर नीट कळले की बाकीचे प्रश्न सोपे होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कम्युनिटी कॉलेज म्हणजे साधारण दोन वर्षांचे, कमी फीचे सरकारी कॉलेज.

आपल्याकडच्या संस्थाचालकांसारखे हे काम अजिबात नाही. मुलाला प्रवेश हवा, पुतण्याला क्लार्कची जागा हवी, तर संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना गाठायचे, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, एका डिस्ट्रिक्टच्या (एक किंवा अनेक कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेच्या) बोर्डावर मी निवडून आले तेव्हा ओळखीच्या लोकांचे फोन त्याच समजुतीने आले. नर्सिंगच्या प्रतीक्षायादीत मुलीचे नाव वर सरकेल का? प्राध्यापकाने बी दिला आहे, तो ए होईल का? भाच्याला लायब्ररीत अर्धवेळ काम मिळेल का? प्रत्येकाला मी एकच सांगितले, की यातले काहीही मला करता येत नाही, आणि करता येत असते तरी केले नसते. कॅलिफोर्नियात प्राध्यापकाने दिलेली ग्रेड कायद्यानेच अंतिम असते. चूक, फसवणूक, आकस किंवा अकार्यक्षमता दाखवता आली तरच ती बदलते, आणि त्याची ठरलेली पद्धत आहे. त्या पद्धतीत ट्रस्टीच्या, म्हणजे बोर्डाच्या सदस्याच्या, फोनला जागा नाही.

अधिकार असतो तो बोर्डाला. तोही रीतसर बोलावलेल्या बैठकीत, अजेंड्यावर आलेल्या विषयावर, बहुमताने. बैठक संपली की तुम्ही इतरांसारख्याच एक नागरिक. कॉलेजात जाऊन डीनला "हे असे करा" म्हणता येत नाही, माळ्यालाही म्हणता येत नाही. बोर्डाचा थेट नोकर एकच असतो. डिस्ट्रिक्टमध्ये अनेक कॉलेजे असतील तर तो चान्सेलर, एकच कॉलेज असेल तर सुपरिंटेंडंट-प्रेसिडेंट. शेकडो प्राध्यापक, कर्मचारी, सुरक्षारक्षक हे सगळे त्या एका माणसामार्फत चालतात. म्हणून तो माणूस निवडणे, दरवर्षी त्याच्या कामाचे मूल्यमापन करणे आणि वेळ आली तर त्याला बदलणे, हे बोर्डाचे सर्वांत वजनदार काम. ट्रस्टीने चान्सेलरला वळसा घालून थेट खालच्या अधिकाऱ्यांना सूचना द्यायला सुरुवात केली की चांगले चान्सेलर टिकत नाहीत. मग नवा शोधण्यात वर्ष जाते आणि तोवर कॉलेज हंगामी माणसाच्या भरवशावर चालते.

मग एकट्या ट्रस्टीच्या हातात काय उरते? प्रश्न विचारणे, आणि त्या प्रश्नामागे बहुमत उभे करणे. एक उदाहरण देते. बैठकीच्या सुरुवातीला नागरिकांना दोन-तीन मिनिटे बोलता येते. एकदा रात्रपाळी करणारा एक विद्यार्थी येऊन म्हणाला, की पदवीला त्याचा एकच विषय राहिला आहे आणि तो फक्त सकाळी दहाला शिकवला जातो. तो विषय अजेंड्यावर नव्हता, म्हणून ब्राउन ॲक्टप्रमाणे (बोर्डाचा कारभार लोकांसमोर उघड चालावा यासाठीचा राज्याचा कायदा) आम्हाला त्यावर चर्चाही करता येत नव्हती. संध्याकाळचा वर्ग उघडा असा आदेश तर मुळीच देता आला नसता. मात्र पुढच्या बैठकीसाठी अहवाल मागता आला: संध्याकाळी किंवा ऑनलाइन पूर्ण करता येतील असे पदवी अभ्यासक्रम किती, आणि शेवटचा एखादा विषय न मिळाल्याने किती विद्यार्थी थांबले आहेत? अहवाल आला, आकडे सर्वांनाच बोचले. बोर्डाने ते वर्षाच्या उद्दिष्टांत घातले आणि चान्सेलरच्या मूल्यमापनातही. वेळापत्रक बदलायला वर्ष लागले. पण ते एका विद्यार्थ्यापुरते बदलले नाही, त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी बदलले. ट्रस्टीचे काम बहुतेक वेळा असेच चालते. ज्यांना लगेच निकाल हवा असतो ते इथे फार कासावीस होतात.

तुम्ही अकाउंटंट आहात, म्हणून अर्थसंकल्पावर जरा जास्त बोलते. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आणि ७३ डिस्ट्रिक्ट आहेत. त्यांतले एक संपूर्ण ऑनलाइन कॉलेजाचे, त्याला निवडून आलेले बोर्ड नाही. बाकी सगळीकडे मतदारच बोर्ड निवडतात. राज्यातल्या रहिवासी विद्यार्थ्याची फी २०१२ पासून एका युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या एका क्रेडिटला, ४६ डॉलरच आहे, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना तीही माफ होते. म्हणजे फी वाढवून तूट भरून काढण्याचा मार्ग बोर्डाला नाही. ती फी राज्याची विधानसभा ठरवते. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेल्या कायद्याने, मालमत्ता कर बांधून टाकल्यापासून पैशाची दोरी सॅक्रामेंटोच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, हातात गेली. १९८८ च्या प्रपोझिशन ९८ ने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांना राज्याच्या उत्पन्नातला किमान वाटा बांधून दिला, त्यातला सुमारे अकरा टक्के भाग कॉलेजांकडे येतो.

हा पैसा वाटण्याचे सूत्र २०१८-१९ पासून बदलले. ढोबळमानाने सत्तर टक्के विद्यार्थीसंख्येवर, वीस टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि दहा टक्के निकालावर, म्हणजे किती जणांनी पदवी, प्रमाणपत्र किंवा विद्यापीठातली बदली मिळवली त्यावर. विद्यार्थीसंख्या डोकी मोजून धरत नाहीत. वर्गातले ५२५ तास म्हणजे एक पूर्णवेळ विद्यार्थी, असा हिशेब असतो. काही डिस्ट्रिक्टांना मात्र हे सूत्र लागूच पडत नाही. सॅन माटेओसारख्या भागात घरांच्या किमती इतक्या आहेत की स्थानिक मालमत्ता करच सूत्राच्या रकमेपेक्षा जास्त जमतो आणि जास्तीचा पैसा डिस्ट्रिक्टकडेच राहतो. तुमचे डिस्ट्रिक्ट यांतल्या कोणत्या गटात आहे हे पहिल्या दिवशी माहीत हवे. पहिल्या गटात विद्यार्थी घटले की पैसा घटतो. दुसऱ्या गटात घरबाजार आणि कराची वसुली यांच्याकडे डोळे लावून बसावे लागते.

खर्चाची बाजू याहून कठीण आहे. खर्चाचा फार मोठा भाग पगार आणि भत्त्यांचा असतो, आणि त्यातही पेन्शन वाढत गेली. २०१३-१४ मध्ये प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी कॉलेज त्यांच्या पगाराच्या ८.२५ टक्के भरत होते, आता १९.१ टक्के भरते. प्राध्यापकेतर कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा दर त्याच काळात सुमारे साडेअकरा टक्क्यांवरून पंचवीसच्या वर गेला. तो दर ठरवताना कोणी बोर्डाला विचारत नाही. त्यात राज्याचा एक जुना कायदा असा, की शिक्षणावरच्या चालू खर्चातला निम्मा भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावरच गेला पाहिजे. हेतू चांगला आहे. पण समुपदेशक आणि ग्रंथपाल या हिशेबात वर्गाबाहेरचे धरले जातात. विद्यार्थ्याला टिकवून धरण्यात समुपदेशकाचा वाटा किती मोठा असतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही विभागणी खुपते. मला अजूनही खुपते.

आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. त्याआधी तात्पुरता अर्थसंकल्प आणि १५ सप्टेंबरपर्यंत अंतिम अर्थसंकल्प मंजूर करावा लागतो. सादरीकरण रंगीत आणि गोड असते, त्यावर थांबू नका. एकवेळचा पैसा कायमच्या पगारात जिरवला आहे का ते शोधा. पुढच्या तीन वर्षांचा अंदाज मागा आणि त्यात विद्यार्थीसंख्या किती वाढेल असे गृहीत धरले आहे ते पाहा. तोटा बहुतेक वेळा त्या एका गृहीतकात लपलेला असतो. राखीव निधी दोन महिन्यांच्या खर्चाइतका असावा अशी राज्याच्या चान्सेलर कार्यालयाची शिफारस आहे. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचे देणे किती आणि त्यासाठी बाजूला किती ठेवले आहे, हेही विचारा. लेखापरीक्षकांचा अहवाल आला की शेवटची 'निरीक्षणे' आधी वाचा, आणि गेल्या वर्षीचीच निरीक्षणे पुन्हा आली असतील तर चान्सेलरकडून कारण घ्या. हे प्रश्न विचारणारी माणसे बोर्डावर फार थोडी असतात. तुमच्यासारख्या व्यक्तीने उभे राहावे असे मला वाटते ते यासाठीच.

बोर्डाने हे केले नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे कॅलिफोर्नियातच आहेत. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोला २०१२ साली मान्यता देणाऱ्या आयोगाने नोटीस काढली: तुमची मान्यता का काढू नये याचे कारण दाखवा. पैशांचे नियोजन, कारभाराची रचना, निर्णय कोण घेतो यातला गोंधळ, असे आक्षेप होते. २००६ च्या तपासणीत सांगितलेल्या सुधारणाही पूर्ण झालेल्या नव्हत्या. जुलै २०१३ मध्ये मान्यता काढण्याचा निर्णय जाहीर झाला आणि राज्याने निवडून आलेल्या बोर्डाचे अधिकार काढून एका विशेष ट्रस्टीकडे दिले. शहराने कोर्टात धाव घेतली, आयोगाच्या कार्यपद्धतीतही कोर्टाला दोष सापडले, आणि जानेवारी २०१७ मध्ये कॉलेजला पूर्ण मान्यता परत मिळाली. कॉलेज एक दिवसही बंद पडले नाही. पण "मान्यता जाणार" एवढी बातमी पुरली आणि हजारो विद्यार्थी दुसरीकडे निघून गेले. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचे तर याहून वाईट झाले. २००४ मध्ये राज्याने विशेष ट्रस्टी नेमला, २००६ मध्ये मान्यताच गेली, आणि शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजचे केंद्र म्हणून ते चालवावे लागले. २०१७ मध्ये मान्यता परत आली, २०१९ मध्ये कॉलेज पुन्हा स्वतंत्र झाले. त्या मधल्या वर्षांत तिथल्या लोकांना, मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांना, आपल्या कॉलेजविषयी मत देण्याचा खरा अधिकार उरला नव्हता. ट्रस्टीने ढिलाई केली की त्याची किंमत कोण मोजते, हे कॉम्प्टनमध्ये दिसते.

आता शिकवण्याचे काय? अभ्यासक्रम, ग्रेडिंग, पदवीच्या अटी अशा विषयांत बोर्डाला प्राध्यापकांच्या ॲकॅडेमिक सिनेटचा सल्ला घ्यावाच लागतो. नियमांत हे विषय मोजून दिले आहेत, सगळे त्यांना 'दहा अधिक एक' म्हणतात. काही विषयांत सिनेटचे म्हणणेच मुख्यतः मानायचे, काहींत दोघांनी मिळून ठरवायचे, हे तुमच्या बोर्डाच्या धोरणात लिहिलेले असते. नवीन ट्रस्टीचा सर्वांत मोठा पेच इथे होतो. गणिताचेच घ्या. पूर्वी पातळी ठरवणाऱ्या चाचणीच्या जोरावर बहुसंख्य विद्यार्थ्यांना पायाभूत वर्गात ढकलत. ते वर्ग पदवीला धरले जात नसत आणि त्यातून वर येणारे थोडेच असत. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने हे बदलले. शाळेतले गुण पाहून विद्यार्थ्याला थेट विद्यापीठ-पातळीच्या इंग्रजी आणि गणितात बसवायचे, गरज असेल तर सोबत आधारवर्ग द्यायचा. २०२२ च्या एबी १७०५ ने तो नियम आणखी कडक केला. त्यावर गणिताच्या प्राध्यापकांत दोन तट आहेत. कच्च्या पायाचे विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये बुडतील अशी काहींची प्रामाणिक भीती आहे. आधीच्या पद्धतीत ते कॅल्क्युलसपर्यंत पोहोचतच नव्हते, असे इतर आकड्यांनिशी दाखवतात.

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पण ट्रस्टी म्हणून त्या वादात पंच व्हायचे नाही. आकडे मागायचे: पहिल्या प्रयत्नात किती पास झाले, आधारवर्गासह किती, त्याशिवाय किती, रात्रीच्या वर्गांत किती, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांत किती. आधारवर्गांना शिकवणी-मदतनीस द्यायला अर्थसंकल्पात पैसे आहेत का ते बघायचे. हे तुमचे अंगण. प्राध्यापकांना तुम्ही त्यांच्या अंगणात शिरत नाही असे दिसले की तेही मोकळेपणाने बोलतात.

युनियनचे वेगळे सांगावे लागेल. १९७५ च्या कायद्याने प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क मिळाला. पगाराचा करार शेवटी मंजूर करते बोर्ड. आणि ट्रस्टीच्या निवडणुकीत सर्वांत संघटित पाठिंबा, स्वयंसेवक आणि बऱ्याचदा पैसाही याच युनियनकडून येतो. मला ते गैर वाटत नाही. ज्यांचे आयुष्य त्या कॉलेजात जाते त्यांनी मत मांडावे. अर्धवेळ प्राध्यापकांची स्थिती तर बोर्डाने स्वतःहून पाहावी अशी आहे: आज सॅन होजे, उद्या हेवर्ड, तासावर पगार, आणि एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांहून जास्त शिकवता येत नाही. पण पाठिंबा घेताना एक वाक्य स्पष्ट सांगून ठेवा: वाटाघाटीच्या टेबलावर मी नसेन, आणि करार परवडतो की नाही हे आकडे पाहून ठरवेन. जे हे आधी सांगत नाहीत त्यांना निवडून आल्यावर फार अवघड जाते.

कंत्राटदारांचा पैसा ही वेगळी गोष्ट आहे. कम्युनिटी कॉलेजे इमारतींसाठी मतदारांकडून बाँड, म्हणजे कर्जरोखे, मंजूर करून घेतात. २००० च्या प्रपोझिशन ३९ पासून त्याला ५५ टक्के मते पुरतात. रकमा कित्येक कोटी डॉलरच्या असतात. हा पैसा पगाराला वापरता येत नाही, फक्त बांधकाम, दुरुस्ती, उपकरणे यांना. त्यामुळे वास्तुविशारद आणि बांधकाम कंपन्या निवडणुकीच्या वेळी फार प्रेमाने भेटायला येतात. आता कायदा असा आहे, की बारा महिन्यांत ५०० डॉलरहून जास्त देणगी दिलेल्याचा कंत्राटाचा विषय आला तर बहुतेक वेळा तुम्हाला बाजूला व्हावे लागते. मी एवढ्यावरही थांबू नये असे सांगेन. डिस्ट्रिक्टला काही विकणाऱ्याकडून एक डॉलरही घेऊ नका.

हितसंबंधांचा नियम आपल्या घरांत विशेष लक्षात ठेवावा लागतो. दरवर्षी फॉर्म ७०० भरून उत्पन्न, शेअर, मालमत्ता जाहीर करावी लागते. तो कोणीही पाहू शकतो. पती एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत असतील आणि तीच कंपनी कॉलेजला काही विकत असेल, तर प्रकरण नुसते मतदानातून बाजूला होण्याने मिटत नाही. काही प्रसंगी बोर्डाला तो करारच करता येत नाही. अर्ज भरण्याआधी दोघांनी बसून ही यादी करा आणि शंका असेल तिथे वकिलाला विचारा.

आता निवडणूक. पक्ष लागत नाही. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापले जात नाही. पक्षांच्या स्थानिक समित्या पाठिंबा जाहीर करतात आणि त्याचा उपयोग होतो, हेही खरे. तुम्ही अठरा वर्षांच्या, नोंदणीकृत मतदार आणि त्या डिस्ट्रिक्टच्या रहिवासी असलात की झाले. बहुतेक डिस्ट्रिक्टांत आता विभागवार निवडणूक होते, म्हणजे तुम्ही ज्या ट्रस्टी एरियात राहता तिथूनच उभे राहता येते. आधी नकाशा पाहा, कारण तुमच्या एरियाची जागा चार वर्षांतून एकदाच येते. निवडणूक सम वर्षाच्या नोव्हेंबरात. अर्ज मतदानाच्या ११३ दिवस आधी खुले होतात आणि ८८ व्या दिवशी बंद, म्हणजे साधारण जुलैचा मध्य ते ऑगस्टचा पहिला आठवडा. विद्यमान ट्रस्टीने अर्ज भरला नाही तर इतरांसाठी मुदत पाच दिवस वाढते. एकच अर्ज आला तर त्या जागेची निवडणूक होतच नाही, त्या व्यक्तीला थेट नेमले जाते. असे वाटते त्याहून जास्त ठिकाणी होते.

खर्चाचा एकच आकडा सांगणे अप्रामाणिक होईल, कारण तो एरियातल्या मतदारसंख्येवर ठरतो. पहिला खर्च मतदार-पुस्तिकेतल्या तुमच्या निवेदनाचा. साधारण दोनशे शब्द असतात, काउंटीचे निवडणूक कार्यालय दर सांगते आणि बहुतेक ठिकाणी तो उमेदवारच भरतो. हा खर्च टाळू नका. कॉलेज बोर्डाच्या उमेदवारांविषयी बहुतेक मतदार तेवढेच वाचतात. नावाखाली व्यवसाय लिहायला तीन शब्द मिळतात, तिथे 'अकाउंटंट' हा शब्द फार कामाचा आहे. बाकी फलक, पत्रके आणि दारोदार जाणे. एक पैसाही जमा करण्याआधी फॉर्म ५०१ (उमेदवारीचा इरादा कळवणारा) भरा, आणि २,००० डॉलरच्या पुढे जाणार असाल तर समितीची नोंदणी करा.

आपल्या लोकांकडून देणगी घेताना एक काळजी घ्या. ग्रीन कार्ड असलेले देऊ शकतात. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असलेले देऊ शकत नाहीत, अगदी वीस डॉलरसुद्धा. हा केंद्राचा कायदा आहे आणि तो स्थानिक निवडणुकीलाही लागतो. आपल्या ओळखीत निम्मी माणसे व्हिसावर असतात, म्हणून प्रत्येकाला विचारूनच चेक घ्या. तसेच करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थांना, आणि आपली बरीच महाराष्ट्र मंडळे त्याच प्रकारात नोंदलेली आहेत, कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गणेशोत्सवात लोकांना जरूर भेटा, पण मंडळाच्या मंचावरून तुमच्यासाठी मत मागितले जाऊ देऊ नका. त्याने मंडळच अडचणीत येईल.

वेळेचे सांगते. बैठक महिन्यातून एक किंवा दोन, संध्याकाळी, रात्री उशिरापर्यंत. अजेंडा किमान ७२ तास आधी जाहीर होतो, सोबत कित्येकशे पानांचे पॅकेट. ते वाचायला शनिवार-रविवार जातो. त्यातला बराच मजकूर 'कन्सेंट' म्हणून एका मतात मंजूर होतो, आणि महत्त्वाची कंत्राटे तिथेच असू शकतात. एखादा विषय बाहेर काढून स्वतंत्र चर्चेला घ्या असे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मानधन मिळते, पण बहुतेक ठिकाणी महिना काही शे डॉलर. काही डिस्ट्रिक्ट आरोग्यविमा देतात. नोकरी सांभाळून हे करता येते, पण तिमाही-अखेरीला रात्री जागणाऱ्या अकाउंटंटने आधी साहेबांशी बोलून घ्यावे.

व्हॉट्सॲपवर जगणाऱ्या आपल्या लोकांसाठी ब्राउन ॲक्ट जड जातो. पाच जणांच्या बोर्डात तिघांनी बैठकीबाहेर, एकमेकांना फोन करत किंवा मेल पुढे पाठवत, कॉलेजच्या विषयावर मत जुळवले तर तो कायदाभंग होतो. समाजमाध्यमावर दुसऱ्या ट्रस्टीने कॉलेजविषयी काही लिहिले तर त्याखाली अंगठासुद्धा टाकता येत नाही. सुरुवातीला घुसमट होते. पण या कायद्यामुळे लोकांना सगळा वाद डोळ्यांसमोर ऐकता येतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या घरांत कम्युनिटी कॉलेजकडे अजून कमी दर्जाचे म्हणून पाहतात. मुलांना उन्हाळ्यात हायस्कूलसोबत एखादा विषय करायला पाठवतात, पण तिथूनच पुढे गेला असे पार्टीत सांगायला कचरतात. तुमच्या मुलीने केले तो मार्ग यूसीच्या सहा कॅम्पसांना लेखी हमीने मान्य आहे, डेव्हिस त्यांतलेच एक. व्हिसामुळे नोकरी करता न येणाऱ्या कितीतरी मराठी मुलींनी इथे बालशिक्षण किंवा हिशेबाचे अभ्यासक्रम करून नोकरीचा परवाना मिळताच काम सुरू केले. पण बोर्डावर जाताना डोळ्यांसमोर मुख्यतः ही मुले ठेवू नका. तिथला नेहमीचा विद्यार्थी दिवसा काम करतो, एका सत्रात दोन विषय घेतो, कधी गाडीत झोपतो, कॉलेजच्या शिधाकेंद्रातून घरच्यांसाठी डबे नेतो. मी साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांची कमवा आणि शिका योजना ज्या गावाने पाहिली तिथे वाढले, म्हणून हा विद्यार्थी मला परका वाटला नाही. तुम्हालाही वाटू नये. अर्थसंकल्पात कुठे कात्री लावायची असा प्रश्न येतो तेव्हा रात्रीचे वर्ग, समुपदेशन आणि शिधाकेंद्र यांची नावे यादीत सर्वांत आधी दिसू लागतात, कारण त्यांच्या बाजूने आरडाओरडा करायला कोणी बैठकीला येत नाही. ते विद्यार्थी त्या वेळी कामावर असतात.

तर तुम्ही उभे राहा असेच मी म्हणेन, पण थेट अर्ज भरू नका. आधी वर्षभर बैठकींना जा, मागे बसून ऐका. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि मान्यतेसाठी कॉलेजने केलेला आत्मपरीक्षण अहवाल वाचा, सगळे जाहीर असते. तुमच्या डिस्ट्रिक्टने बाँड घेतला असेल तर कायद्याने तिथे नागरिकांची देखरेख समिती असते, किमान सात जणांची, आणि हिशेब समजणारी माणसे त्यांना नेहमी कमी पडतात. त्या समितीसाठी अर्ज करा. मुदत दोन वर्षांची असते, आणि बाँडचा पैसा कुठे जातो, चान्सेलर प्रश्नांना कशी उत्तरे देतात, कोणता ट्रस्टी पॅकेट वाचून येतो, हे तिथून जवळून दिसते. एखाद्या ट्रस्टीची जागा मधेच रिकामी झाली तर बोर्ड साठ दिवसांत कोणाला तरी नेमू शकते. अशा वेळी त्या समितीत दोन वर्षे काम केलेल्या माणसाचा अर्ज इतरांहून वेगळा उठून दिसतो.